मला मिळालेली मुदत

निर्मळच्या वाड्यांतून केळी आणि पालेभाजी भरून वसईच्या बाजारात जाणारा हिरवा टेम्पो तुम्ही पाहिला असेल. तो मीच. माझा मालक जॅक्सन. मला घरी आणलं तेव्हा त्याच्या बायकोने, प्रिस्काने, मला झेंडूचा हार घातला आणि फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं.

दिवस कष्टाचे होते, पण सुखाचे. चढ आला की जॅक्सन म्हणायचा, "चल रे बाबा, पोचलोच." माणसं यंत्राशीही किती गोड बोलतात!

एकदा ओल्या रस्त्यावर माझं चाक घसरलं आणि मी सेलिन मावशीला धडकलो. ती आमच्याच गावची, टोपलीतून भाजी विकणारी. तिचा पाय मोडला. डॉक्टरांनी सळी घातली आणि पुढे आणखी एक ऑपरेशन लागेल म्हणाले.

कोर्टात निकाल लागला, की भरपाई विमा कंपनीने आणि मालकाने द्यावी. जॅक्सनने माझा विमा कधी चुकवला नव्हता, म्हणून तो निश्चिंत होता. पण कंपनीच डबघाईला आली. तिच्याकडून काही मिळेना, तेव्हा कोर्टाचा माणूस, बेलीफ, माझ्या जप्तीचा हुकूम घेऊन आमच्या दारात आला. वकिलाने धावपळ केली आणि कंपनीचं काय ते ठरेपर्यंत कोर्टाने निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.

जॅक्सनला वाटलं, सुटलो! त्याने चर्चमध्ये आभाराची मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, सांगितली. रविवारी मी आवारात उभा होतो. लाउडस्पीकरवर फादरांचा आवाज आला, "आजची मिस्सा जॅक्सन आणि प्रिस्का यांच्याकडून, कोर्टाच्या कामात मिळालेल्या यशाबद्दल."

सेलिन मावशी आतच बसली होती. मिस्सा संपली, जॅक्सन आणि प्रिस्का माझ्यापाशी पोचले, तशी ती कुबड्या टेकत त्यांच्या मागोमाग आली.

"काय रे जॅक्सन, माझा पाय मोडला त्याचे आभार मानलेस का?"

"नाय गं मावशी. थोडी मुदत मिळालीय, एवढंच. कंपनीचं ठरलं की..."

"मुदत तुझ्या टेम्पोला मिळाली. माझ्या पायाला कोण देणार?"

प्रिस्का घाईने म्हणाली, "मावशी, बसा ना, घरी सोडतो."

"ह्याच्यात? एकदा भेट झालीय आमची, पुरे झाली!"

आजूबाजूचे हसले. जॅक्सन हसला नाही. घरी आल्यावर तो अंगणात मला उभं करून म्हणाला, "टेम्पो विकू या."

"आणि खायचं काय?" प्रिस्काने विचारलं.

"भावाच्या वाडीत काम आहे. माझे हातपाय धड आहेत."

प्रिस्काने माझ्या दारावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "किंमत मी ठरवणार. तू भोळा आहेस."

वकील चिडले. "अरे, मिळालेली स्थगिती कोणी सोडतं का?" पण जॅक्सन हटला नाही. कोर्टाची परवानगी निघाली. माझे पैसे मावशीच्या ऑपरेशनला गेले. बाकीची भरपाई अजून कंपनीकडे अडकलेली आहे.

उद्या विरारचा एक माणूस मला न्यायला येणार आहे. प्रिस्काने त्याच्याशी तासभर घासाघीस करून पैसे आधीच घेतले. आता जॅक्सन मला धुतोय. धुऊन झालं तरी पुन्हा धुतोय.

बुडणाऱ्या कंपनीला सावरायला वेळ द्यावा लागत असेल. मोठे व्यवहार मला कळत नाहीत. पण वेळ देताना, तो वेळ कोण सोसतंय, तेवढं एकदा बघा. येतो मी. जॅक्सन, पुरे आता, पाणी बंद कर.