हेमा कोण होती?

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत प्रोफेसर ताडिया प्रोतिच पार मेटाकुटीला आला. लिफ्ट बंद होती. पण चालू असती तरी आज त्यानं जिनाच धरला असता, कारण वर जाऊन जे सांगायचं होतं ते जितकं उशिरा तितकं बरं.

एकतीस वर्षं या माणसानं एकच दळण दळलं: सोंबोर गावचा नाटककार व्लास्तिमिर ग्रुइच. ग्रुइच मेल्यावर त्याचं शेवटचं हस्तलिखित ताडियाच्या हाती आलं. सगळं लॅटिन लिपीत, आणि समासात सतरा वेळा, मोठ्या कॅपिटल अक्षरांत, एकच नाव: हेमा. तेही नेमकं शृंगाराच्या प्रवेशांपाशी! झालं. ताडियानं पुस्तक लिहिलं, नाटककाराची गुप्त प्रेयसी गाजली, पोरांनी तिच्यावर प्रबंध पाडले. आणि ग्रुइचच्या बायकोनं, येलिसावेतानं, नवऱ्याच्या थडग्यावर रीतीप्रमाणे शेजारी कोरून ठेवलेलं स्वतःचं नाव पाथरवटाकडून घासून काढलं.

परवा मंगळवारी नव्या आवृत्तीच्या कामासाठी तो देसांकाकडे गेला होता. ही ग्रुइचच्या नाटकमंडळीत सामानसुमान सांभाळायची. आता नव्वदीला टेकलेली. हस्तलिखिताची छायाप्रत बघून म्हातारी हसत सुटली.

“अहो प्रोफेसर, हे माझं अक्षर! सिरिलिक लिपीत वाचा की. हेमा कुठली डोंबलाची? नेमा! नाहीये! रेशमी उशी, नेमा. चांदीचा पेला, नेमा. आमच्या कोठीत होतं काय, उंदीर?”

तीच चार अक्षरं, HEMA; पण पहिलं अक्षर लॅटिनमध्ये ‘ह’, सिरिलिकमध्ये ‘न’. लॅटिनमध्ये हेमा, सिरिलिकमध्ये नेमा. दोन्ही लिप्या इथलं शाळकरी पोरही वाचतं, आणि हा एवढा पंडित! त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

दार येलिसावेतानंच उघडलं.

“या. आता आणखी कुठली पत्रं उकरायचीत?”

पाहुण्यापुढं चमचाभर मुरांबा आणि पाणी ठेवायची रीत तिनं याच्यापुरती कधीच मोडली होती. तो कोट न काढताच बसला आणि सगळं सांगून टाकलं. स्वतःला जराही पाठीशी घातलं नाही.

“हेमा नव्हतीच, बाई. कधीच नव्हती. चूक माझी.”

तिनं टेबलावरचा कपडा सारखा केला.

“तुमचं पुस्तक आल्यापासून मी त्याच्या नावानं एक मेणबत्ती लावली नाही,” ती म्हणाली. “थडग्यापुढं उभी राहून शिव्या घातल्या त्याला. तो बिचारा काय बोलणार?”

“छपाई थांबवलीय मी. खरं काय ते माझ्या नावानिशी छापीन. आणि तो दगड... तुमचं नाव पुन्हा कोरून घेतो. उद्याच.”

येलिसावेता उठली. कपाटातून चेरीच्या मुरांब्याची बरणी काढली, चमचा आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढं ठेवला. ताडियाला भरून आलं. वाटलं, सुटलो एकदाचा.

“उशीर केलात हो,” ती म्हणाली. “थडग्यातली माझी जागा मी रागानं नणंदेला देऊन टाकली. सहा वर्षं झाली, ती निजलीये त्याच्या शेजारी. खा, खा.”

चमचा त्याच्या हातातच राहिला.

“मग तुमच्यासाठी तिथं...?”

“नेमा,” येलिसावेता म्हणाली.