दोन डावे पंख

मी एक विमान बोलतोय, अजून एकदाही न उडालेलं. आकाशात मी काय काय पाहिलं, हे मला विचारू नका. माझा सगळा जन्म एका जेवणाच्या टेबलावर गेला.

पहिल्यांदा खटकलं ते एका सकाळी. घरातल्या सुनेनं माझे दोन्ही पंख धडाशी लावून पाहिले, आणि उजवा काही केल्या बसेना. पुढची कड पुढे ठेवावी, तर फुगीर पाठ खाली जाई. पाठ वर करावी, तर पुढची कड शेपटीकडे तोंड करी. तिनं तो उलटसुलट फिरवून पाहिला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार आपटलं, तशी ती दचकली आणि खुर्चीत बसली. एव्हाना तिलाही कळलं होतं. माझे दोन्ही पंख डावे होते.

हे कसं झालं, ते मुळापासून सांगतो.

माझा जन्म एका चपट्या खोक्यातला. बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांत कोरून ठेवलेल्या फासळ्या, काही लांब काड्या आणि घडी घातलेला मोठा नकाशा, एवढंच माझं गणगोत. मला घरी आणलं तिच्या नवऱ्यानं. त्याचंही हे पहिलंच विमान. कामावरून आला की हात धुऊन तो माझ्याशी बसे. नकाशा पसरायचा, त्यावर टाचण्यांनी फासळ्या उभ्या करायच्या, गोंदाचा थेंब सोडायचा आणि सुकेपर्यंत धीर धरायचा. धीर त्याच्यापाशी भरपूर होता. तिच्यापाशी औषधालाही नव्हता. दाराची घंटी वाजली तरी तिच्या हातून टाचण्या सांडायच्या. तो म्हणे, "विमान राहू दे, आधी तूच उडतेस."

घरात तिसरे होते त्याचे वडील. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्त झाल्यावर घरी स्वतःची लाइन बंद करून बसले. सुनेशी तर ते कधी थेट बोललेच नाहीत. राग नव्हता, संकोच होता. आधी बायकोमार्फत बोलत, ती गेल्यावर मुलामार्फत. सून समोर बसलेली असली तरी "तिला सांग, खिडकी लावून घे," असं मुलाला सांगत. तीही तशीच. "बाबांना विचार, चहा ठेवू का?" तो आळीपाळीनं दोघांकडे बघे आणि म्हणे, "बाबा, तुम्ही सुटलात, आता जन्मभराची ड्यूटी मला लावलीत."

जन्मभराचीच ठरली ती.

माझा डावा पंख त्यानं पुरा केला. एका फासळीवर गोंद ओघळला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला, आणि अंगठ्याचा ठसा तसाच वाळला. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून परस्पर दवाखान्यात नेलं. तिथून तो परत आला नाही.

माणसं आली, बसली, गेली. मग घर इतकं गप्प झालं, की फ्रीज सुरू झाला तरी ती दचके. मधला माणूसच गेला होता. आता बोलायचं कुणामार्फत? औषध संपलं की बाबा रिकामी बाटली ओट्यावर ठेवत, ती मुकाट्यानं नवी आणी. जेवण वाढलं की ती ताटावर चमचा वाजवी, ते येऊन बसत. एका छपराखाली दोन माणसं राहत होती, आणि आवाज होता तो भांड्यांचा.

त्यातच नणंदेचा फोन आला. बाबांना मी माझ्याकडे नेते, घर सोडून द्या. तूही आईकडे जा, एकटी किती दिवस भीत राहशील, असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, मायाच होती. ही नुसतं "बरं, ताई" म्हणाली. बाबांना जायचं आहे का, हे तिनं त्यांना विचारलं नाही. ती राहावी असं वाटतं का, हे त्यांनी सांगितलं नाही. माळ्यावरची बॅग निघून दाराशी आली. तीत कुणी काही भरेना, आणि कुणी ती परत वरही ठेवीना.

त्या दिवसांतच तिनं माझ्यावरची धूळ पुसली. जायच्या आधी त्याचं एवढं तरी पुरं करू, असं मनात आलं असावं. त्याचा पंख समोर ठेवून, त्याच नकाशावर, त्याच जागी तिनं फासळ्या उभ्या केल्या. जिथं त्याची टाचणी, तिथं तिची टाचणी. हुबेहूब त्याच्यासारखं व्हावं म्हणून जीव ओतला. आणि झालंही हुबेहूब. तिथंच फसलं. उजवा पंख डाव्यासारखा करायचा नसतो, डाव्याच्या आरशातल्या रूपासारखा करायचा असतो.

खोकं विकणाऱ्या दुकानदाराला तिनं फोन केला. चोरी केल्यासारखी इतकं हळू बोलली, की त्यानं तिला पुन्हा बोलायला लावलं. तो हसला. पहिल्या विमानाला बऱ्याच जणांचं असंच होतं म्हणाला. नकाशा उलटा करा, कागदाला तेलाचं बोट फिरवा, रेघा मागून दिसतील, त्यांवर करा. चुकलेल्या पंखाच्या फासळ्या सोडवून घ्या, काड्या तेवढ्या नव्या लागतील.

म्हणजे एक पंख मोडायचा होता.

तिनं ब्लेड घेतलं. पहिला सांधा सुटताना कट् असा आवाज झाला, आणि दारात बाबा येऊन उभे राहिले. मुलगा गेल्यापासून ते या टेबलापाशी फिरकले नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि कित्येक दिवस न उघडलेल्या दारासारख्या आवाजात मला म्हणाले, "तिला सांग, त्याचं मोडू नकोस."

ब्लेड तिच्या हातून पडलं. तिनं ते उचललं. मग तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "बाबांना सांग, हा माझा आहे. त्याचा तो खुर्चीवर ठेवलाय. त्याचा अंगठा उमटलाय त्यावर."

बाबा खुर्चीपाशी वाकले. चष्मा लावून त्यांनी ठसा शोधला आणि त्यावर आपला अंगठा टेकवला. मग येऊन माझा चुकलेला पंख दोन्ही हातांनी घट्ट धरला, म्हणजे तिला ब्लेड नीट चालवता यावं.

तेव्हापासून मधली ड्यूटी माझ्याकडे आली. "तिला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." "बाबांना सांग, ताईंकडे अळणी मिळेल हो, काळजी नको." एवढं बोलून तिनं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं, आणि बाबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. खरं बोलायचं ते माझ्यामार्फतही कुणी बोलेना.

उजवा पंख झाला. अंगावर इस्त्रीनं प्लास्टिकची रंगीत झिल्ली चढली. ठशावर मात्र तिनं आरपार दिसणारी लावली. पोटात रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर बसला, शेपटीचं पातं हलवणारी इवलीशी मोटर बसली. नणंद दुसऱ्या दिवशी यायची होती.

माणसांनो, एक मागतो तुमच्याकडे. मला उडवा, पाडा, पुन्हा चिकटवा, पण मला मध्ये ठेवून बोलू नका. मी ऐकतो सगळं, पोचवत काहीच नाही.

उडण्याआधी रिमोट लांबून पोचतो का याची एक तपासणी असते, ती एकट्यानं होत नाही. एकानं मला धरायचं. दुसऱ्यानं रिमोटची शक्ती कमी करून लांब चालत जायचं, आणि ओरडून विचारायचं, पातं हलतंय का? म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघं मोकळ्या मैदानात आलो. माझा पुढचा पंखा तिनं काढून ठेवला होता, बाबांच्या हाताला लागू नये म्हणून. मला छातीशी धरून बाबा उभे राहिले. त्यांचा अंगठा नेमका त्या ठशावर होता.

ती चालत लांब गेली. वळली. "हलतंय का?"

माझं पातं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. बाबा हळूच मला म्हणाले, "सांग तिला, हलतंय."

मी काय सांगणार?

"बाबा, हलतंय का?" तिचा आवाज फाटत होता. बाबांनी मला आणखी घट्ट धरलं. ती आणखी दोन पावलं मागे सरली, आणि एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही म्हणून असेल, नाहीतर उद्या बोलायला कुणी उरणार नाही म्हणून, तिनं एका दमात विचारून टाकलं, "बाबा, तुम्ही उद्या जाणार का? मला नाही जायचं कुठं."

बाबांच्या छातीची धडधड माझ्या फासळ्यांत उतरली. "तिला सांग..." ते म्हणाले, आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि सगळं मैदान ओलांडून जाईल अशा आवाजात म्हणाले, "हलतंय गं पोरी. मी नाही जात. तू जा अजून लांब, मी धरून उभा आहे."