आवाजाची प्रत

टक्, टक्. चमचा पेल्यावर आपटला आणि तिची बोटं की-बोर्डवरच थबकली.

"आले, बाबा. जरा दम धरा हो."

सासऱ्यांनी पुन्हा चमचा आपटला. घशाच्या ऑपरेशनआधी त्यांनी रोजचे शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवले होते. पडद्यावरचं बटण दाबलं की संगणक त्यांच्याच खर्जात बोलायचा. तो प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही संगणकावर चढेना. बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता. आणि आता हार्ड डिस्क आतून करकरायला लागली होती. ती गेली की बाबांचा आवाज दुसऱ्यांदा जाणार होता.

म्हणून मुलगी शाळेत असताना, कपडे वाळत घालता घालता, तिने बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची हुबेहूब प्रत काढली होती. ती प्रत काही सुरू होईना. पडद्यावर परत तीच ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"डोंबल तुझं!"

जमिनीवर चित्र रंगवणाऱ्या मुलीने मान वर केली.

"कोणाचं डोंबल, आई?"

"कोणाचं नाही. रंगव तू."

स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून धाकट्या दिरांचा आवाज आला.

"वहिनी, केबल बदलून पाहिली?"

"पाहिली. सगळ्या भोकांत घालूनही झाली, भावजी. आता फक्त तिच्या पाया पडायचं राहिलंय."

"प्रत काढताना डिस्कचे सगळे भाग निवडले होते ना?"

"हो. म्हणजे... एक टीचभर भाग होता, बिननावाचा. आत काहीच दिसेना. म्हटलं, उगाच अडगळ कशाला? गाळला तो."



"अहो वहिनी, सुरुवात कुठून करायची ते संगणकाला त्यातूनच कळतं!"

"मग त्याला नाव द्यायला काय झालं होतं मेल्यांना?"

बाबांचे खांदे गदगदले. ते हसत होते.

पुन्हा पहिल्यापासून प्रत. डिस्क करकरता करकरता मध्येच गप्प व्हायची, आणि तिचा हातातला कपडा घडी न होता तसाच राहायचा. दुपार कलली तेव्हा काम संपलं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवून तिने संगणक चालू केला. पडदा काळाच राहिला. बराच वेळ. मग उजळला.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"चहा," संगणक बोलला. "पुरे." "पंखा बंद करा." मग घरच्यांना मारलेल्या हाका, एकेक. थोरल्याला, धाकट्याला, मग तिला. तिची हाक जरा बिचकतच मारलेली होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"बोलले की बाबा!" फोनवरून दीर ओरडले. "काही राहिलं नाही ना, वहिनी?"

"छे! सगळंच्या सगळं आलं." तिने पहिल्यांदाच पाठ टेकली.

मुलगी खडू टाकून आजोबांच्या मांडीवर चढली.

"आता मला मारा ना हाक, आजोबा."

बाबांचं बोट माउसवर तसंच राहिलं. मुलीने पडद्यावरची बटणं वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग तिने मान वळवली.

"आई, माझं बटण कुठंय?"