झबल्याची कावीळ

नीळबाबांच्या दारात सकाळपासून तान्ह्या बाळांची रांग लागली होती. बाहेरच्या खोलीत खिडक्या बंद आणि एक पिवळाजर्द बल्ब. त्याखाली धरलं की कुणाचंही बाळ पिवळं दिसायचं. मग बाबा गरजायचे, "पिवळ्या, बिऱ्हाड आवर! फुकटचा भाडेकरू कुठला!" आणि बाळ आतल्या, निळ्या पडद्यांच्या खोलीत न्यायचे. तिथे पिवळेपणा गायब! बायका भराभर हात जोडायच्या.

रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती. जवळ धाकट्या बहिणीचं चार दिवसांचं बाळ, शेजारी बहीण. अकरा वर्षांपूर्वी बाई इथूनच स्वतःचा मुलगा बरा करून घेऊन निघाली होती. "तीन दिवस बाळ उजेडात पाहायचं नाही," असं बाबांनी बजावलं होतं. तिला राहवलं नाही. दारातच दुपटं बाजूला केलं, तर बाळ पिवळंच. घाबरून तिनं ते पुन्हा झाकलं. नवव्या दिवशी ते गेलं. "तू पाहिलंस, म्हणून कावीळ परतली," तिनं कबूल केल्यावर बाबा म्हणाले होते. तेव्हापासून मशीनच्या आवाजातही तिला त्या बाळाचं रडणं ऐकू यायचं. या वेळी पाहायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"गेली कावीळ!" निळ्या खोलीत बाबांनी बाळ तिच्या हातात दिलं. बाईची नजर झबल्यावर पडली. तिनंच शिवलेलं, चांगलं पिवळंधमक झबलं. इथे त्याला रंगच उरला नव्हता.

"बाबा, झबल्यालाही कावीळ झाली होती का हो?"

बाबा गडबडले. दोऱ्याचा रंग ती कधी दिव्याखाली जुळवत नसे, रीळ घेऊन दारात जायची. आताही पाय दाराकडे वळले.

"थांब! कावीळ परतेल!"

"ताई, नको गं! पाया पडते तुझ्या!" बहीण रडू लागली.

कानातलं रडणं वाढलं. क्षणभर बाईचा पाय अडला. मग तिनं डोळे मिटून उंबरा ओलांडला आणि उन्हात डोळे उघडले. झबलं पिवळं होतं. बाळही पिवळं होतं.

"परतायला ती गेलीच कुठे होती?" ती ओरडली. रांगेतल्या बायका आपापली दुपटी उघडू लागल्या.

दवाखान्यात बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. बहीण दचकली. "ताई, इथेही निळंच?"

नर्स म्हणाली, "पडदा पिवळेपणा नुसता लपवतो. हा उजेड कातडीतलं पिवळं द्रव्य बदलतो, मग ते शी-शूवाटे निघून जातं. आणि या दिव्याखाली आम्हीसुद्धा डोळ्यांवर भिस्त ठेवत नाही. रक्त तपासतो."

"अकरा वर्षांपूर्वी होता का हा दिवा?" बाईनं विचारलं.

"होता की. याच खोलीत."

बाई हमसून हमसून रडली. तिच्या पाहण्यानं मुलगा गेला नव्हता. पाहूनही ती गप्प राहिली होती.

भाचा तिसऱ्या दिवशी घरी आला. तिच्या कानातलं ते रडणं मात्र अजून थांबलेलं नाही. झबलं शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगते, "बाळ पिवळं दिसलं तर थेट दवाखाना गाठ. आणि कुणी उजेडात पाहू नको म्हणालं, तर आधी उजेडातच पाहा."