रिकामे डबे

कौतिकनं गाडी मालधक्क्याला लावली, पण बैल सोडले नाहीत. तसाच पोत्यांच्या थप्पीवर चढला आणि आपली पोती हुडकायला लागला. हिलाल खाली कडब्याच्या पेंढीवर बसला होता. तो उठला आणि त्यानं कौतिकचा हात धरला.

"आखो थोडा दिन थांब, भाऊ. डबा येईच."

"डबानी वाट देखी देखी डोया पांढरा व्हई ग्यात," कौतिक म्हणाला. "मोतीलाल काटा मारस, पन माल तरी लई जास."

हिलालला ते बोलणं सुईसारखं टोचलं. कारण मोतीलालला दादर ज्वारी द्यायची नाही, हे निंबखेड्यात पहिल्यांदा तोच म्हणाला होता. तालुक्याचा हा व्यापारी सुगी झाली की खळ्यावर यायचा, मूठभर दाणे हातात घेऊन नाक मुरडायचा, आणि भाव पाडायचा. यंदा दादर अशी पिकली होती की कणसं बघून म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. टपोरा, मोत्यासारखा दाणा. हिलाल घरोघर फिरला. सगळ्यांनी मिळून मालगाडीचा एक आख्खा डबा भरू, सुरतेवरून थेट मुंबईला धाडू, तिथल्या अडत्याशी मी बोलून आलोय, असं त्यानं सांगितलं. गावाला पटलं. भाईदासआबा तर कधी कुणाच्या मसलतीत पडायचे नाहीत. बायको गेल्यापासून ते आणि त्यांची काळी जमीन, एवढंच त्यांचं जग. पण त्यांनीही कोठीतली सगळी दादर काढून दिली. हिलालला म्हणाले, तू म्हणतोस ना, मग ने.

तेव्हापासून पोती स्टेशनावर होती. नंबर लावलाय, डबा आला की भरायचं, असं मास्तरनं सांगितलं होतं. पण माल धक्क्यावर असेल तरच नंबर टिकणार. घरी नेला की नंबर गेला. म्हणून हिलाल तिथंच राहिला. ताईबाई, त्याची घरवाली, रोज भाकरी घेऊन चालत यायची आणि काही न विचारता रिकामं फडकं घेऊन परत जायची.

मास्तर भला माणूस होता. कधी तोंड चुकवायचा नाही. मुंबईच्या बंदरात परदेशी गव्हाची जहाजं रांग लावून उभी आहेत, गोदामं भरलीत, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मुलखातले सगळे डबे आधी तिकडं ओढलेत, असं त्यानं हिलालला पुन्हा पुन्हा समजावलं. हिलाल ऐकून घ्यायचा. मुंबईची भूक भागवायला गहू दर्या ओलांडून येतो आणि आपली दादर चार कोस पुढं सरकत नाही, हे काही त्याच्या डोक्यात शिरायचं नाही.

कौतिकला त्यानं कसंबसं समजावलं. तो थप्पीवरून उतरला, पण जाताना राम राम न घालता गेला.

दोन दिवसांनी दुपारी अमळनेरकडून एक मालगाडी आली आणि समोरून येणाऱ्या पॅसेंजरसाठी बाजूच्या रुळावर थांबली. डब्यांची दारं सताड उघडी होती. आत काहीच नव्हतं. परदेशी गहू उतरवून रिकामी चालली होती. फळ्यांच्या फटीत तेवढे चार दाणे अडकले होते. त्यातला एक डबा थप्पीच्या नेमका समोर उभा राहिला.

त्या वेळी गावची पाच-सहा माणसं चौकशीला आली होती. हिलालनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि डब्यात टाकलं. मग सगळेच तुटून पडले. भाईदासआबासुद्धा. त्यांच्यानं पोतं उचलवेना, तर ते डब्यात चढून आतली पोती सरकवायला लागले. बघता बघता डब्याचा एक कोपरा भरला.

मास्तर धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. या गाडीला माल भरायला कुठं थांबायचा हुकूम नाही, ती तशीच बंदरावर जायचीय, असं तो हात जोडून सांगायला लागला.

हिलालनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. "डबा मुंबईलेच जास ना, मास्तर?"

"मुंबईलाच."

"रिकामा जास?"

"रिकामा."

"मंग आम्हनी दादर का बरं नई?"

मास्तरनं खाली बघितलं. "भरायला, मोजायला, चिठ्ठी करायला वेळ जातो, हिलालभाऊ. तेवढा वेळ द्यायचा नाही असं वरून आलंय. तुम्ही बळंच भरलं तरी पुढच्या मोठ्या स्टेशनात डबा तोडून बाजूला टाकतील. मग तुमचं धान्य कुठं पडलंय ते मलाही कळायचं नाही."

पॅसेंजर येऊन गेली. इंजिनानं शिटी दिली. सगळे हिलालकडं बघत होते. तो डब्यात चढला, आणि मघाशी आपणच टाकलेलं पोतं त्यानं ओढून खाली घेतलं. मग बाकीच्यांनी घेतली. शेवटी आबांना हात धरून उतरवावं लागलं. गाडी हलली. रिकाम्या डब्यांचा खडखडाट बराच लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

पाऊस त्यानंतर आला. होळीच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि आधी गारा, मग पाणी. फाटक्या ताडपत्रीवर हिलालनं स्वतःचं घोंगडं टाकलं, कडबा टाकला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. पण पाणी वरून कमी आणि खालूनच जास्त आलं. धक्क्यामागचा नाला फुगला आणि थप्पीच्या बुडात शिरला. हिलाल गुडघाभर पाण्यात उभा राहून खालची पोती वर चढवत होता. एकट्याच्यानं किती होणार?

मग कडक ऊन पडलं. थप्पीतून वाफ निघायला लागली. पोत्यात हात घातला तर चटका बसावा इतकी आत ऊब. आंबलेल्या पिठासारखा वास सुटला. तागाच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आले.

आणि डबा आला. मास्तरनं स्वतः येऊन सांगितलं, तुमचा नंबर लागलाय. सांगून तो थप्पीजवळ आला, वास घेतला, आणि मागं सरला. भिजलेला माल चढवता येत नव्हता, हे हिलाललाही कळत होतं.

गावच्या गाड्या माल परत न्यायला आल्या. कौतिकही आला. तो हिलालकडं न बघता पोती उचलू लागला. हिलालला वाटलं, यानं दोन शिव्या द्याव्यात. कुणीच दिल्या नाहीत. वाटेत भाईदासआबा हिलालच्या गाडीत बसले होते. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "तू खोटं नई बोलना, हिलाल. पन खरं बोलीसन बी काय व्हयनं?"

मधली काही पोती बरी निघाली, तेवढी ज्यानं त्यानं वाळवून ठेवली. बाकीची दादर उकिरड्यावर गेली. ढोरांनीही तोंड लावलं नाही.

पण काही दाण्यांत जीव राहिला होता. ओल्या शेणखतात ते रुजले, आणि थोड्या दिवसांत गावातल्या एकेका उकिरड्यावर हिरवीगार, वीतभर ज्वारी उभी राहिली. कोवळी ज्वारी गुरांना बाधते, पोट फुगून जनावर मरतं. सुगी संपून गुरं मोकळी सुटली होती. एका दुपारी हिलालनं खुरपं घेतलं आणि पायात वहाणा घातल्या.

"थोडं ऊन उतरू द्या ना," ताईबाई म्हणाली. "मी बी येस."

तो थांबला नाही. ती मागोमाग निघाली. पहिला उकिरडा आबांचा होता. दोघं वाकली आणि एकेक रोप मुळासकट उपटायला लागली.