कापडी नळीवरची थाप

वेल्ह्याच्या वाटेवर आमच्या वाडीत समोरासमोर दोन पिठाच्या गिरण्या आहेत. एक धनाजीमामांची, दुसरी माझ्या भागूबाई आत्याची. आत्याचे गुडघे गेले होते. गिरणी विकून तिला भोरला लेकीकडे राहायला जायचं होतं. गिऱ्हाईक एकच होतं, धनाजीमामा. आणि आड येत होता गावाचा जुना ठराव: एका घराकडे दोन गिरण्या नकोत.

ग्रामसभेत मामा म्हणाले, "नाचणीमागं गहू टाकला की पोळी काळी. गव्हामागं भगर टाकली की उपास मोडला. दोन्ही गिरण्या माझ्याकडं आल्या तर एक निस्ती गव्हाची ठेवतो. फायदा तुमचाच हाय."

"अन् भाव वाढवलास तर आमी कुठं जायचं? पानशेतला?" गेनबातात्यांनी विचारलं.

"न्हाई वाढवत. लिहून देतो."

"तात्या, तुमच्या भल्यापायी माझे गुडघे गहाण पडलेत," आत्या म्हणाली. "त्येचं काय?"

मी रसायनशास्त्र शिकलेली. वाद सुटत नसेल तर प्रयोग करावा, एवढंच मला सुचतं. महिनाभर मामांना दोन्ही गिरण्या चालवू द्या, मग ठरवा, असं मी सुचवलं. ते पटलं.

पीठ खरंच सुरेख येऊ लागलं. भावही तोच राहिला. मामा जिंकले असं मी धरून चालले होते. तरी बायका कुरकुरत होत्या, आणि नेमकं काय बिनसलंय ते कुणालाच सांगता येईना. म्हणून एके दिवशी दळण घेऊन मी स्वतः उभी राहिले. दळण संपल्यावर पीठ पडतं त्या कापडी नळीवर थाप मारायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे अडकलेलं पीठ ज्याचं त्याच्या डब्यात पडतं. समोर आत्या बसायची तेव्हा मामांच्या थापा रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. आज त्यांनी डबा नुसता सरकवला आणि मोबाईल उघडला. मीच थाप मारली. वाटीभर पीठ पडलं.

पुढच्या सभेत मी हे सांगितलं.

"हात दुखतो गं," मामा पुटपुटले.

"म्या समोरून उठले अन् लगेच दुखाय लागला व्हय?" आत्या म्हणाली. सभा हसली. मग तिचाच चेहरा उतरला. "आता माझी गिरणी घेणार कोण?"

बचत गटाची आरती उठली. "गट घेईल. सकाळी आमी नाचणी-तांदूळ दळू, मामांनी गहू दळावा. दुपारी जातं झाडून घेऊन उलटं, म्हंजे कुठलंच दळण एकाच्याच हाती ऱ्हाणार न्हाई. पीठ वेगळं ठेवायला मालक एकच कशाला पायजे?"

"वेळ मिळून ठरवा," तात्या म्हणाले. "भाव मातर ज्येचा त्येनं ठरवायचा."

आत्या निघाली त्या सकाळी दोन्ही गिरण्या चालू होत्या. एसटी थांबली तेव्हा आरतीकडून थापा ऐकू आल्या. लगेच समोरून मामांच्या, जास्त जोरात.

आत्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "धनाजी, हात बरा झाला वाटतं तुझा."