उघड्यावरचा वेल

अमेरिकेतल्या मिनेसोटात थंडी अशी, की शिंक आली तर रुमाल नव्हे, हातोडी शोधावी लागते. खोटं वाटत असेल त्यानं जानेवारीत तिथं जाऊन शिंकून पाहावं. अशा मुलखात आर्डिस क्वाम लाल वाइनची द्राक्षं लावायला निघाली, तेव्हा तिला कुणी वेडी म्हटलं नाही. तिथं तोंडावर वेडं म्हणत नाहीत. "वेगळंच आहे हं," एवढंच म्हणतात. अर्थ तोच.

दर ऑक्टोबरात वेल तारांवरून उतरवायचे, जमिनीवर निजवायचे, वर माती ओढायची. एप्रिलात उकरून पुन्हा उठवायचे. तीस वर्षांत यापायी गुडघे गेले. पण रानद्राक्षाशी नाजूक फ्रेंच जातीची सोयरीक जुळवत जुळवत एक वेलही हाती लागला. काळेभोर घड, रस गोड. तो मातीविना हिवाळा काढील का? काढला तर बाग राहील, नाही तर मोडायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्या ऑक्टोबरात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती शहरात लेकीकडे निघाली. धाकटा भाऊ, नावाचा आणि स्वभावाचाही पामर, दारात उभा.

"ताई, वेल झाकू का?"

"नको. उघडाच राहू दे."

"अगं, तासाभराचं तर काम."

"नको म्हटलं ना!"

आता मेख अशी, की त्या गावात पहिल्या दोन नकोंना किंमत नाही. कॉफीला दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि तीन कप रिचवायचे. बहिणीला तिसऱ्यांदा विचारून कशाला संकोचात टाका, म्हणून पामर थेट फावडंच घेऊन गेला.

एप्रिलात आर्डिस काठी टेकत परतली. हिवाळा उणे छत्तीसला शिवून गेला होता. वेल तारेवर उभा. तिनं पात्यानं काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंबाची गाठ, कापला. आत हिरवा. दुसरा, तिसरा, हिरवेच.

"पामर, जगला रे! उघड्यावर जगला!"

पामर बुटांकडे बघू लागला. तेवढ्यात तिला सालीच्या भेगांत माती दिसली, छातीइतक्या उंचीवर.

"ही इथं कशी चढली?"

"वारा होता यंदा."

"बर्फाखालची माती वाऱ्यानं उडते?"

"तू नको म्हणालीस खरी... पण दोनदाच म्हणालीस, ताई."

ती ओरडली नाही. उपड्या खोक्यावर बसून राहिली.

"पुढचा हिवाळा आहेच की," तो म्हणाला.

"हिवाळा आहे रे. त्र्याहत्तरावं सरलं, मी आहे का?"

पामरनं बुटाच्या टोकानं माती उकरली. मग पामर पुटपुटला, "सगळा नाही झाकला मी. ती टोकाची जाड काडी वाकेना. मोडेल म्हणून तशीच सोडली."

"हिवाळाभर? आणि हे आत्ता सांगतोस?"

"अर्धवट काम कोण सांगत फिरतं?"

तिनं त्या काडीचा डोळा कापला. मधला कोंब तपकिरी, मेलेला. पामरनं मयताला काढावी तशी टोपी काढली. पण द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन कोंब असतात. मधला थोरला, बाजूचे दोन राखीव. तिनं पातं किंचित खोल नेलं. बाजूचा पोपटी हिरवा! दहा डोळे पाहिले. चार पुरते हिरवे, पाचांत बाजूचे जिवंत, एक ठार.

"म्हणजे जिंकलीस?"

"बाजूच्या कोंबांना पुष्कळदा नुसती पानंच येतात. घड धरले तर खरं. ते या उन्हाळ्यात कळेल."

अर्धी काडी तिनं तारेवर राहू दिली, उरलेलीचे सहा तुकडे केले आणि ओल्या फडक्यात गुंडाळले.

"जा, फावडं आण."

"झाकायला?"

"लावायला, गाढवा!"